अँटिबायोटिक चालू असताना पोट का बिघडतं, आणि कोणत्या दिवशी काय करायचं

परवा संध्याकाळी दुकानात ओळखीचे एक काका आले. दाढ काढली होती म्हणून ६२५ ची गोळी (अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड हे अँटिबायोटिक) चालू होती, दहाच्या पट्टीतल्या चार उरलेल्या. ती पट्टी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, अगं हिने जुलाब लागलेत, ही आता बास, मला ती ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची दे दोन दिवसांची म्हणजे बंद होतील. म्हणजे एका अँटिबायोटिकने पोट बिघडलं म्हणून त्याच्यावर दुसरं अँटिबायोटिक, आणि पहिला कोर्स अर्धवट. मी १४ वर्षं मेडिकल चालवतेय, फार्मासिस्ट आहे, आणि हा संवाद आठवड्यातून दोनदा तरी होतोच. मी काकांना दोनच प्रश्न विचारले, जुलाब नक्की कधीपासून आणि दिवसाला किती वेळा. हा सगळा लेख त्या दोन प्रश्नांवरच आहे. अँटिबायोटिकने पोट बिघडणं ही एक गोष्ट नाहीये, चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणती आहे ते बऱ्याचदा दिवसावरून आणि गोळीच्या नावावरून कळतं.

आधी आत काय चाललेलं असतं ते

पहिली गोष्ट, काही अँटिबायोटिक जंतूंशी काही संबंध नसताना थेट आतडं हलवतात. आपलं पोट रिकामं असताना साधारण दर दीड-दोन तासांनी जठरातून एक जोराची लाट सुटते आणि लहान आतड्यातून शेवटपर्यंत झाडू मारल्यासारखी जाते, उरलंसुरलं सगळं पुढे ढकलते, उपाशीपोटी गुडगुड ऐकू येते त्यात हिचाही वाटा असतो. ही लाट सुरू करायला शरीर मोटिलिन नावाचं हार्मोन वापरतं. एरिथ्रोमायसिन त्याच मोटिलिनच्या जागी जाऊन चिकटतं आणि लाटेचं बटण दाबतं. म्हणून ती गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात पोटात कळा, मळमळ, उलटी. अझिथ्रोमायसिन त्याच घराण्यातलं, त्रास कमी देतं पण देतं. हा गुण इतका खात्रीचा आहे की जठर सुस्त पडलेल्या पेशंटला, किंवा रक्ताच्या उलट्या झाल्यावर एंडोस्कोपीच्या आधी पोट रिकामं करायला डॉक्टर मुद्दाम एरिथ्रोमायसिन शिरेतून देतात, तिथे त्याचं अँटिबायोटिक असणं हा मुद्दाच नसतो.

६२५ च्या गोळीत अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्हुलॅनिक ॲसिड असतं, ते लहान आतड्याची हालचाल वाढवतं. नुसत्या अमॉक्सिसिलिनपेक्षा या जोडगोळीने जुलाब जास्त होतात ते बरंचसं त्यामुळे.

दुसरी गोष्ट जंतूंची. मोठ्या आतड्यातले आपले जंतू न पचलेला कोंडा, डाळीतली साखर, भाजीतला चोथा आंबवतात आणि त्यातून छोटी फॅटी ॲसिडं तयार करतात, ब्युटिरेट वगैरे. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य खाणं हे ब्युटिरेट, आणि ही ॲसिडं शोषली जाताना मीठ आणि पाणीही आत ओढलं जातं. अँटिबायोटिकने जंतू कमी झाले की साखर न आंबवता तशीच पडून राहते, ती पाणी धरून ठेवते, आणि शोषायची ताकदही कमी झालेली असते. दोन्हीकडून पाणी वाढलं की पातळ होणारच. शिवाय पित्तातले क्षार बदलायचं काम जंतू करतात, ते थांबलं की न बदललेले क्षार मोठ्या आतड्यात जास्त पोचतात, आणि ते आतड्याला पाणी सोडायला लावतात.

तिसरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे आणि लोकांना माहितीच नसते. शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, तिथे ते आतड्याला पुढे ढकलायचा इशारा देतं. उंदरांवरच्या प्रयोगांतून २०१५ साली नीट दिसलं की आतड्यातले काही जंतू हे सेरोटोनिन बनवायला पेशींना चालना देतात. जंतूच नसलेले उंदीर वाढवले तर त्यांचं आतडं सुस्त असतं. कदाचित म्हणूनच काही जणांना कोर्समध्ये किंवा नंतर जुलाब नाही, बद्धकोष्ठ होतं, पोट फुगतं, साफ होत नाही. माणसाच्या शौचातल्या कोरड्या भागाचा पाव ते निम्मा हिस्सा जंतूच असतात, ते कमी झाले की शौचाचं आकारमानच कमी होतं.

चौथी, सगळ्यात गंभीर, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. जागा रिकामी झाली की हा जंतू वाढतो आणि विष सोडतो. त्याचं पुढे वेगळं लिहिते.

पायरी १: पहिली गोळी घ्यायच्या आधी पट्टी वाचा

पट्टीवर कंपनीचं नाव मोठं असतं, औषधाचं बारीक. बारीक वाचा, मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट असेल तर जेवायला बसल्यावर पहिल्या एक-दोन घासांबरोबर घ्या. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने नाही, रिकाम्या पोटी तर नाहीच. सुरुवातीला घेतली की पोटाला त्रास कमी आणि औषध शोषलंही नीट जातं. इथे एक हिशोब घरोघरी चुकतो: ३७५ मध्ये २५० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्हुलॅनिक, ६२५ मध्ये ५०० आणि १२५, एक ग्रॅमच्या गोळीत ८७५ आणि १२५. म्हणजे क्लॅव्हुलॅनिक तिन्हीत सारखंच! घरात ३७५ च्या उरल्यात म्हणून ६२५ च्या जागी दोन ३७५ घेतल्या की पोट बिघडवणारा भाग दुप्पट होतो आणि मग जुलाब लागले की औषधाला नावं ठेवतो. लहान मुलांचं पावडर सिरप असेल तर पाणी घातल्यावर फ्रीजमध्ये, ७ दिवसांत संपवायचं, दर वेळी हलवून. न हलवता दिलं की वरचा डोस हलका आणि तळाचा जड.

सिफिक्झिम, टायफॉइडला आणि मुलांच्या तापाला आपल्याकडे खूप दिलं जातं, त्याचं निम्म्यापेक्षा कमीच रक्तात जातं, बाकीचं आतड्यातच राहतं आणि तिथल्या जंतूंवर पडतं. आणि "आम्ही सुई घेतली, पोटाला काही होणार नाही" असं समजू नका, सेफ्ट्रायॅक्सोन शिरेतून दिलं तरी त्याचा बराच भाग पित्तातून आतड्यात उतरतो.

डॉक्सिसायक्लिनबद्दल मुंबई-कोकणातल्या लोकांनी नीट वाचा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून हीच दिली जाते, आणि लोक ती रात्री झोपताना घोटभर पाण्याने गिळून आडवे होतात. ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे अक्षरशः जखम करते, दोन दिवस थुंकी गिळताना छातीत आग होते. पूर्ण ग्लासभर पाणी, काहीतरी खाऊन, आणि नंतर निदान अर्धा तास बसून किंवा उभं राहून. गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही मंडळी दूध, दही, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, पातळ ॲसिडिटीचं औषध यांना चिकटतात आणि नीट शोषली जात नाहीत. निदान दोन तासांचं अंतर ठेवा. पोटाला थंड म्हणून ग्लासभर दुधाबरोबर सिप्रो घेणारे खूप भेटतात, पोट शांत राहतं खरं पण औषधाचा बराच भाग वाया जातो.

आणि गॅसची कॅप्सूल. चिठ्ठीवर अँटिबायोटिक आलं की सोबत गॅसची गोळी आपोआप येते, किंवा लोक स्वतःच मागतात. ॲसिड कमी करणाऱ्या गोळीने अँटिबायोटिकचे जुलाब थांबत नाहीत. उलट जठरातलं ॲसिड हा जंतूंना अडवणारा पहिला दरवाजा आहे, तो उघडा ठेवला की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा धोका वाढलेला दिसतो. त्यातही कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन (उलटी-मळमळ थांबवणारं औषध) असेल आणि अँटिबायोटिक एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर दोन्ही एकत्र घेऊच नका, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. डॉक्टरांना विचारा, फार्मासिस्टला विचारा, पण विचारा.

पायरी २: गोळीनंतर तासा-दोन तासांत त्रास झाला तर

मळमळ, कळा, एखादी उलटी, आणि गोळीचा असर ओसरला की बरं वाटतं. हे बहुतेक औषधाचंच काम आहे, आतड्यातल्या जंतूंचा समतोल बिघडायला इतका कमी वेळ पुरत नाही. अझिथ्रोमायसिन असेल तर जेवून घेऊन बघा, चालतं. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी कडवट चव येते, त्यात घाबरायचं काही नाही, दारू मात्र त्या दिवसांत आणि संपल्यावर तीन दिवस अजिबात नको.

गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली आणि त्यात गोळी दिसली तर डॉक्टरांना फोन करून डोस परत घ्यायचा का ते विचारा. प्रत्येक डोसला उलटी होत असेल तर औषध पोटात राहतच नाहीये, ते बदलून घ्यायला हवं, सहन करत बसू नका. दीड महिन्याच्या आतल्या बाळाला एरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन दिलंय आणि दूध पाजल्यावर जोरात लांब उडणारी उलटी होतेय, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. इतक्या लहान वयात या औषधांनी जठराचं खालचं तोंड जाड होऊन अरुंद व्हायचा धोका वाढतो.

अंगावर पित्त उठणं, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं हे पोटाचं नाही, ॲलर्जीचं आहे. पुढची गोळी घ्यायची नाही आणि सरळ हॉस्पिटल.

पायरी ३: दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पातळ होतंय

काकांचं हेच होतं, तिसऱ्या दिवसापासून, दिवसाला चार वेळा, ताप नाही, रक्त नाही, मुरडा नाही. ही आंबवण्याचं काम बंद पडल्याची साधी अवस्था, बहुतेक वेळा कोर्स संपल्यावर काही दिवसांत आपोआप थांबते. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना कळवायचं, ते ठरवतील चालू ठेवायची, बदलायची की आता गरजच नाही.

पाणी भरून काढणं सगळ्यात आधी. ओआरएसमधलं मीठ आणि ग्लुकोज लहान आतड्यात जोडीने आत ओढले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, ही वाट जंतूंवर अवलंबून नाही, म्हणून अँटिबायोटिकच्या जुलाबातही ती चालू असते. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर मीठ-साखरेचंच पाणी मोठ्या प्रमाणावर पाजलं आणि असंख्य जीव वाचवले, ती ही पुडी. पण लोक ती चुकीची बनवतात. एक लिटरची पुडी असते, त्यातली थोडी ग्लासात टाकतात, उरलेली रबर लावून डब्यात. अंदाजाने टाकलेली पावडर जास्त पडली की पाणी दाट होतं आणि दाट पाणी शरीरातलंच पाणी उलटं आतड्यात ओढून घेतं, जुलाब वाढतात. पुडीवर किती पाणी लिहिलंय ते बघा, लिटर असेल तर लिटरच मोजून सगळी पुडी एकदम घाला, २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. गोड डबाबंद ज्यूस, कोल्ड्रिंक ही ओआरएस नाहीत, साखरेने अजून पातळ होतं. किडनीचा किंवा हार्ट फेल्युअरचा पेशंट असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

खायचं काय, तर ज्याला जंतूंची मदत कमी लागते ते. मऊ भात आणि हिंग-जिऱ्याचं पातळ वरण, मुगाच्या डाळीची आसट खिचडी, भाताची पेज मीठ घालून, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं. राजमा, छोले, कच्चा कांदा, कोबी, मोड आलेली उसळ हे एरवी जंतूंचं आवडतं जेवण आहे, पण आत्ता ते खाणारेच कमी आहेत, म्हणून चार-पाच दिवस बाजूला ठेवा. दूध पचत नसेल तर तेही काही दिवस बंद. ताक मात्र बहुतेकांना चालतं, घरचं, ताजं, आंबट न झालेलं, चिमूटभर मीठ-जिरेपूड घालून, वरच्या दोन तासांच्या अंतराचं लक्षात ठेवून.

आता नको ते सांगते. लोपेरामाइड, म्हणजे जुलाब बंद करायची गोळी, मनाने घेऊ नका. ती आतड्याची हालचाल थांबवते, आणि आत क्लॉस्ट्रिडियमचं विष असेल तर ते बाहेर पडायच्या ऐवजी आतच साठतं. आणि ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल नको, उरलेले थोडे जंतूही त्याने जातील. पट्टीवर उभी लाल रेघ असते ना, २०१६ पासून सरकारने त्या रेघेची मोहीम चालवलीये, रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही. काकांना मी नाहीच म्हटलं, ते थोडे चिडले, ओआरएस घेऊन गेले.

प्रोबायोटिकची पुडी घ्यायची का

सरसकट नाही. प्रोबायोटिक म्हणजे पोटासाठी घ्यायचे जिवंत सूक्ष्मजीव. अँटिबायोटिकने होणारे जुलाब काही प्रोबायोटिकनी कमी होतात असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय, पण सगळ्या पुड्या सारख्या नाहीत. सॅकरोमायसीस बुलार्डी हे यीस्ट आहे, बॅक्टेरिया नाही, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही, बरोबर घेतलं तरी चालतं. फक्त गरम पाण्यात किंवा चहात घालू नका, आणि बुरशीवरची फ्लुकोनाझोल चालू असेल तर उपयोग नाही. लॅक्टोबॅसिलसवाली कॅप्सूल असेल तर अँटिबायोटिकपासून दोन तास लांब. दुसरी बाजू पण सांगायला हवी: २०१८ साली इस्रायलमधल्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळचे जंतू परत यायला उलट जास्त वेळ लागला. म्हणून माझं मत असं की ज्यांचं मागच्या वेळी पोट खूप बिघडलं होतं त्यांनी डॉक्टरांना विचारून पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करावं, कोर्स संपल्यावर थोडे दिवस, आणि मग बंद. तीन-तीन महिने खात बसण्यात अर्थ नाही. किमो चालू असलेले, आयसीयूतले, गळ्याजवळ शिरेत नळी घातलेले पेशंट यांना देऊच नका, यीस्ट रक्तात शिरल्याच्या घटना झालेल्या आहेत.

पायरी ४: ही लक्षणं दिसली तर घरी थांबायचं नाही

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल कोर्स चालू असताना होऊ शकतो आणि संपल्यावर दोन-तीन महिन्यांपर्यंतही. इथेच लोक फसतात, महिन्याभरापूर्वीची गोळी कुणाला आठवत नाही, डॉक्टरांना सांगितलीच जात नाही. क्लिंडामायसिन, सिफिक्झिम-सेफ्ट्रायॅक्सोनची मंडळी, लिव्होफ्लॉक्सासिन-सिप्रो आणि ६२५ यांच्यानंतर जास्त, आणि साठीच्या पुढचे, नुकतेच ॲडमिट होऊन आलेले यांना जास्त.

दिवसाला तीन किंवा जास्त पाण्यासारखे जुलाब आणि त्याबरोबर ताप, पोटात सतत दुखणं, रक्त किंवा आव, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा आणि शौचाची तपासणी करून घ्या. जुलाब चालू असताना ते एकदम थांबले पण पोट ताठ फुगलं, दुखतंय, ताप आहे, तर बरं वाटतंय असं समजू नका, आतड्याची हालचालच बंद पडल्याची खूण असू शकते, ही इमर्जन्सी आहे. लघवी कमी आणि गडद, उभं राहिल्यावर चक्कर, बाळाचे डोळे खोल गेलेले, रडताना पाणी नाही, हे पाणी कमी झाल्याचं. रक्त पातळ करायची वॉर्फरिन किंवा ॲसिनोकूमॅरॉल चालू असेल तर साध्या जुलाबातही डॉक्टरांना सांगून रक्त तपासा.

घरात असा पेशंट असेल तर हात साबण आणि पाण्यानेच, सॅनिटायझरने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. संडास ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा.

पायरी ५: कोर्स संपला, आता पोट साफ होत नाही

जुलाबवाल्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, यांच्याकडे नाही. कोर्सनंतर आठवडा-दोन आठवडे खडा होतो, पोट जड, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं. इथे चूक अशी होते की लगेच सोनामुखीचं चूर्ण रोज रात्री सुरू होतं. सोनामुखी आतड्याला चिमटा काढून हलवते, एखाद दिवस ठीक, पण आतड्याला खरी गरज जंतूंची आणि त्यांच्या खाण्याची आहे. इसबगोल एक-दोन चमचे, पूर्ण ग्लासभर पाण्यात लगेच पिऊन टाकायचं आणि वर अजून पाणी, कमी पाण्यात घेतलं तर तेच अडकतं. दुसऱ्या कुठल्याही गोळीपासून दोन तास लांब. सकाळी कोमट पाणी, नाश्ता चुकवू नका कारण खाल्ल्यावर मोठ्या आतड्याला आपोआप हालचालीचा इशारा जातो, त्या वेळी दहा मिनिटं निवांत बसा, आणि संध्याकाळी चालणं.

खाणं हळूहळू वाढवा. आधी दुधी, पडवळ, लाल भोपळा, शिजवलेलं गाजर, मग मूग-मसूर, मग ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, आणि शेवटी उसळी-कडधान्यं, दर दोन-तीन दिवसांनी एक नवीन. एकदम वाटीभर मटकी खाल्ली तर पोट ढोलासारखं वाजेल. नाचणीची आंबील यासाठी फार चांगली, फक्त एक बारकावा, रात्रभर आंबवलेलं पीठ शिजवलं की त्यातले जिवंत जंतू मरतात, म्हणून आंबील कोमट झाल्यावरच वरून ताक घाला. इडलीचंही तेच, पचायला हलकी म्हणून खा, जिवंत जंतूंसाठी ताक-दही.

किती दिवस लागतील? २०१८ च्या एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जोरदार अँटिबायोटिक दिली, साधारण दीड महिन्यात बहुतेक जंतू परतले, पण काही जाती सहा महिन्यांनीही सापडल्या नाहीत. तुमचा पाच दिवसांचा साधा कोर्स इतका जोराचा नसतो, तरी तीन-चार आठवडे धीर धरा. त्याच्या पुढेही पोट रुळावर आलं नाही, वजन उतरतंय, रक्त दिसतंय तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

शेवटची पायरी, जी कुणी करत नाही

काका शनिवारी परत आले. डॉक्टरांशी बोलले होते, त्यांनी उरलेल्या चारही पूर्ण करायला सांगितल्या होत्या, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. जुलाब चारवरून दोनवर आले होते. मी त्यांना रिकामी पट्टी फेकू नका म्हटलं, तिचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायला लावला आणि खाली टाइप करून दिलं: औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, "तिसऱ्या दिवसापासून जुलाब, दिवसाला ४, रक्त-ताप नाही, जेवणाच्या सुरुवातीला घेतल्यावर कमी". पुढच्या वेळी कुठलाही डॉक्टर अँटिबायोटिक लिहायला लागला की हा फोटो आधी दाखवायचा, आणि पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागले तरी हाच.